मराठी मीम आधी कानात शिरतं

2022 च्या जूनमध्ये महाराष्ट्राचं राजकारण ढवळून निघालं होतं. शिवसेनेतले बंडखोर आमदार सुरतमार्गे गुवाहाटीच्या एका हॉटेलात जाऊन बसले होते आणि मुंबईतलं सरकार राहतं की जातं, याचं गणित वाहिन्या दिवसरात्र मांडत होत्या. त्या गदारोळात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं एका कार्यकर्त्याशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर आलं. कार्यकर्त्याने खुशाली विचारली आणि बापूंनी ती सांगितली: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!’ आणि वर तो ठसठशीत ‘ओक्के’. पाहता पाहता त्याची गाणी झाली, डीजेवर ती वाजू लागली आणि सहलीला गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने डोंगर दिसताच तेच म्हणायला सुरुवात केली.

या सगळ्यात चित्र कुठेच नव्हतं. ती झाडी कोणी पाहिली नव्हती, डोंगर दिसला नव्हता, बोलताना बापूंचा चेहरा कसा होता हेही कुणाला ठाऊक नव्हतं. होता तो फक्त आवाज: सांगोल्याकडचा, मोकळा, घरच्या माणसाशी बोलावं तसा. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत बापू सांगोल्यातून हरले, पण त्यांच्या त्या वाक्याला काही झालं नाही. ते आजही सहलीच्या बसमध्ये ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याचा पक्ष कोणता हे कोणी विचारत नाही.

मला या उदाहरणात आपल्या सगळ्या इंटरनेटी विनोदाची किल्ली सापडते. मीम म्हटलं की डोळ्यांसमोर येतं एक चित्र आणि त्याच्या वर-खाली लिहिलेल्या दोन ओळी. जगात बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. मराठीत मात्र जे खरोखर घराघरांत पोचतं, ते आधी ऐकू येतं. आपण माणसाच्या बोलण्याच्या ढंगाला हसतो, कुठल्या शब्दावर तो जोर देतो आणि कुठे श्वास घेतो त्याला हसतो. मीम ही कल्पना मांडणारे रिचर्ड डॉकिन्स यांनी 1976 साली ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकात जी उदाहरणं दिली, त्यांत पहिलं नाव गाण्यांच्या चालींचं होतं आणि लोकांच्या तोंडी बसलेली वाक्यंही त्यात होती. तेव्हा इंटरनेट सामान्य माणसाच्या गावीही नव्हतं. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उडी मारणारी गोष्ट कोणती, असं विचारल्यावर त्या जीवशास्त्रज्ञाला आधी कानात घोळणारी चाल आठवली.

आता कोणी म्हणेल, मराठीत चित्रांची मीम्स भरपूर फिरतात की. फिरतात, आणि त्यांतली निम्मी तरी 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’तली असावीत असं फोन उघडला की वाटतं. पण त्यातलं एखादं चित्र समोर आलं की काय होतं ते पाहा. लिंबू कलरच्या साडीचा प्रसंग असो, धनंजय मानेचं घर शोधत येणारा पाहुणा असो की इस्राईलहून येणाऱ्या औषधापायी बुडालेले सत्तर रुपये. चित्र दिसताक्षणी अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सुधीर जोशी यांचे आवाज आपल्या आत सुरू होतात. ज्याने सिनेमा ऐकलेला नाही, त्याला त्या चित्रात एक साडी आणि दोन-तीन माणसं दिसतील. चित्र फक्त कळ दाबतं, विनोद वाजतो तो आवाजाचा. वसंत सबनीसांनी लिहिलेले ते संवाद पाठ असलेली मुलं सिनेमा आला तेव्हा जन्मलेलीही नव्हती.

ही सवय आपल्याला मोबाईलने लावली नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगावी जाऊन कथाकथन करत, तेव्हा आधी छापून आलेली कथा लोक पुन्हा पैसे आणि वेळ खर्चून ऐकायला जात. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याच्या गळ्यातून पन्नासहून अधिक माणसं उभी करत. मच्छिंद्र कांबळींनी 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ व्यावसायिक रंगभूमीवर आणलं, तेव्हा मालवणी न कळणारी माणसंही पोट धरून हसली आणि त्या नाटकाने पाच हजारांवर प्रयोग केले. पु. लं.च्या कॅसेटी तर टेपमध्ये अडकून फाटेपर्यंत वाजल्या. त्यांतल्या नामू परटाची किंवा अंतू बर्व्याची नक्कल करणारा एक तरी काका प्रत्येक खानदानात असे. त्या काकाचं काम आता रील करतं.

एखाद्या संध्याकाळी मार्व्याच्या जेट्टीवर उभं राहिलं, तर हे सगळं फार जवळून दिसतं, खरं तर ऐकू येतं. मालाडहून मार्व्यापर्यंत रस्ता येतो आणि खाडीपाशी संपतो. पलीकडे मनोरी. फेरीबोटीने काही मिनिटांत माणूस पलीकडे लागतो. बोट चुकवून रस्त्यानेच जायचं म्हटलं तर भाईंदर, उत्तन, गोराई असा लांबचा वळसा. मनोरी, गोराई, उत्तन हा सगळा टापू मिळून धारावी बेट. माहीमच्या खाडीकाठची धारावी ती वेगळी. बेटावरची मनोरी-गोराई ही गावं मुंबईच्या पोटात असूनही बोटीच्या वेळापत्रकावर जगतात, आणि बोटीवर चढलेल्या माणसाला पाच-सात मिनिटं फोन काढण्यापलीकडे काही काम नसतं.

बोटीच्या मध्यभागी दुचाक्या, कडेने माणसं. इंजिनाचा आवाज असल्यामुळे प्रत्येकाचा फोन मोठ्याने. रिकामी टोपली पायाशी ठेवलेल्या एक मावशी फोन तोंडासमोर आडवा धरून आवाजी निरोप पाठवत होत्या. बोट सुटायच्या आत पलीकडून उत्तर आलं आणि त्यांनी ते स्पीकरवर लावलं. कुणाकडे पाहुणे येणार होते आणि त्यांची गारी कुठवर आली याची चौकशी होती. उत्तर देणारी बाई लांबलचक कारणं सांगून शेवटी एकदम म्हणाली, ‘मना काय ठाव!’ म्हणजे, मला काय माहीत! शब्दांत हसण्यासारखं काही नाही. पण ‘मना’वरचा तो हेल आणि ‘ठाव’वर तोडलेला सूर असा काही होता, की शेजारच्या दुचाकीवरचा मुलगा हसला, मावशी हसल्या, त्यांनी तो निरोप पुन्हा लावला आणि तेवढ्यात कुणीतरी ‘मना काय ठाव’ म्हणून दाखवलं. मीम तयार होतं ते असं. फक्त त्या बोटीपुरतं होतं, एवढंच.

या किनाऱ्याच्या बोलींची चव उच्चारात आहे. कोळी-आगरी बोलण्यात ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ड’ पुष्कळदा ‘र’ होऊन येतो: गाडीची गारी, होडीची होरी. मनोरीत कोळ्यांबरोबर ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आहे, त्याची मराठी आणखी वेगळ्या सुरात चालते आणि तिच्यात पोर्तुगीज अमलाच्या खुणा आहेत. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला, त्यात कोळी, आगरी आणि ठाण्याकडच्या ख्रिस्ती लोकांची ‘किरिस्ताव’ अशा बोलींची स्वतंत्र नोंद आहे. नमुन्यासाठी बहुतेक बोलींना एकच गोष्ट सांगायला लावली होती, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. तुलना करायला ते सोयीचं होतं. पण त्या बोलीतली माणसं आपापसांत कशावर हसतात, हे त्या खंडात शोधून सापडत नाही.

पुढेही ते फारसं लिहिलं गेलं नाही, आणि यामागचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. बोलीचं लेखन ठरलेलं नसतं. ‘मना काय ठाव’ कागदावर वाचताना परका माणूस ‘मना’ म्हणजे मन समजून अडखळतो. शाळेत प्रमाण मराठी, तिथे ‘गारी’ लिहिली की लाल रेघ. मग फोन आले आणि त्यांच्यावर देवनागरी टंकणं ही एक वेगळीच कसरत होऊन बसली. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती, तरी आजही लाखो मराठी माणसं रोमन अक्षरांतच मराठी खरडतात, आणि त्या रोमनमध्ये ‘ळ’ आणि ‘ल’ एकच होऊन जातात. व्हॉट्सॅपने ऑगस्ट 2013 मध्ये बटण दाबून बोलायची सोय आणली आणि ही सगळी अडचण बाजूला पडली. ज्या मावशींनी आयुष्यात पत्र लिहिलं नसेल, त्या दिवसाला कितीतरी आवाजी निरोप पाठवू लागल्या. बोली पहिल्यांदाच जशी आहे तशी, कुणी शुद्ध न करता, एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ लागली. मला ही घटना मराठीच्या इतिहासात फार मोलाची वाटते, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही याचं वाईट वाटतं.

यात यंत्राचीही साथ आहे. टेलिफोनच्या तंत्रात माणसाच्या आवाजातला साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवायची पद्धत रुळली, कारण तेवढ्यात शब्द कळतात आणि बोलणारा ओळखूही येतो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा दीडशे हर्ट्झच्याही खाली असतो, म्हणजे तो या पट्ट्यात येतच नाही. तरी आपल्याला तो ऐकू येतो! वरच्या पटीतले स्वर कानावर पडले की मेंदू खालचा गाळलेला स्वर स्वतःच भरून घेतो. त्यामुळे गुवाहाटीहून आलेल्या त्या फोनमध्ये आवाज पातळ झाला, पण चढउतार जसेच्या तसे राहिले. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला ढोलाचा घुमारा झेपत नाही, माणसाचं बोलणं मात्र छान झेपतं. गाण्याचं नुकसान होतं, बापूंच्या ‘डोंगार’चं होत नाही.

आणि मग आली ती रीलची सोय. 29 जून 2020 रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केली. दोन्हींच्या रचनेत एक गोष्ट सारखी आहे: आवाज चित्रापासून सुटा करून त्याला स्वतःचं पान दिलेलं असतं. तुमचं बोलणं मी उचलायचं, त्यावर माझा चेहरा, माझी म्हैस किंवा माझं स्वयंपाकघर लावायचं. मूळ आवाजाच्या पानावर गेलं की त्यावर किती जणांनी काय काय केलं ते सगळं एका ठिकाणी दिसतं. तमाशातल्या बतावणीत ठरलेल्या प्रसंगात दर गावी नवी भर पडायची; ही सोय मराठी माणसाला शिकवावी लागली नाही ती त्यामुळेच.

2017 च्या ‘सोनू’ गाण्याचं तेच झालं. एकाने प्रश्न विचारायचा, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं आणि मध्ये एक रिकामी जागा, जिच्यात काहीही भरता येतं. त्या पावसाळ्यात रेडिओ निवेदिका मलिष्का हिने मुंबईचे खड्डे आणि तुंबलेलं पाणी त्या जागेत भरलं. पालिकेत सत्तेवर असलेल्या पक्षाचे नगरसेवक तिच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावा म्हणून उठले, आणि पालिकेचे कर्मचारी तिच्या घरी जाऊन डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस देऊन आले. खड्ड्यांवर आधी किती अग्रलेख आले असतील, पण शहराने पाठ केलं ते गाणं. दुसऱ्या बाजूनेही ‘सोनू’चीच चाल घेऊन उत्तरं आली, हे मला विशेष आवडलं; भांडणारे दोघेही एकाच तालावर होते.

5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी सारंग साठ्ये, पॉला मॅकग्लिन आणि अनुषा नंदकुमार यांची ‘भाडिपा’ ही यूट्यूब वाहिनी आली, तिने शहरी मराठी घरातला संवाद नेमका पकडला. ‘खास रे टीव्ही’ने डोनाल्ड ट्रम्प यांच्या तोंडी गावरान मराठी घातली. पण माझं मन जास्त रमतं ते विनायक माळी यांच्या आगरी विनोदात किंवा ‘कोकण हार्टेड गर्ल’ अंकिता वालावलकर यांच्या मालवणीत. जुन्या नाटकासिनेमांत बोली बोलणारं पात्र आलं की ते बहुतेक वेळा गडी, मोलकरीण किंवा बावळट पाहुणा असे. त्याने तोंड उघडलं की हशा, आणि तो हशा त्याच्या अडाणीपणावर. ‘वस्त्रहरण’सारखे मोजके अपवाद सोडले तर हे असंच चाललं. आता आगरी बोलणारा माणूस स्वतः कॅमेरा धरतो, कथा त्याची, घर त्याचं, आणि गोष्टीत फजिती होते ती बऱ्याचदा शुद्ध बोलणाऱ्याची. बोली तीच, हसण्याची दिशा बदलली. आगरी-कोळी पोरांना कॉलेजात ‘तुमची भाषा बोलून दाखव ना’ असं म्हणणारे पूर्वीही होते. आज तीच विनंती कौतुकाने येते, आणि पोरगा आढेवेढे न घेता बोलून दाखवतो.

मात्र ज्या वाटेने हसू धावतं त्याच वाटेने भीतीही धावते, हे महाराष्ट्राने फार वाईट रीतीने अनुभवलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. ती भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल 2020 पासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ लागला. निरोपावरचा तो छोटा बाण आपण आता बघतही नाही, पण तो तिथे का आहे ते आठवणीत असायला हवं. विनोद पुढे ढकलतानाही तेवढीच एक गोष्ट बघावी असं मला वाटतं: या आवाजाच्या मालकाला आपण हसतोय हे चालेल का? शहाजीबापूंना चाललं, ते सार्वजनिक जीवनातले गडी. पण शाळेत रडणारं एखादं पोर किंवा दारू पिऊन बडबडणारा एखादा म्हातारा हा कुणाचा तरी घरचा माणूस असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

याहून एक चिंता मला जास्त सतावते. हे सगळे आवाज राहणार कुठे? टिकटॉक बंद झालं तेव्हा महाराष्ट्रातल्या गावागावांतल्या पोरापोरींनी केलेलं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. शेतातल्या बांधावर केलेले विनोद, सासू-सुनेच्या जुगलबंद्या, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणं. ज्याने स्वतःच्या फोनवर ठेवलं त्याचं राहिलं, बाकीचं गेलं. फोनवर ठेवलेल्याचीही शाश्वती नाही. 2018 च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती, की भारतातल्या फोनांची जागा का भरते याचा गूगलच्या अभियंत्यांनी शोध घेतला तेव्हा त्यांना रोज सकाळी येणारी गुलाब, सूर्य आणि चहाच्या कपांची शुभेच्छाचित्रं सापडली. जागा भरली की आपण काय करतो? सगळं एकदम निवडून पुसतो. गुलाबाबरोबर आजीचा आवाजी निरोपही जातो.

पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते संकेतस्थळावर सगळ्यांना खुलं केलं. ग्रिअर्सनच्या खंडात नुसती अक्षरं होती, इथे आवाज आहेत. अशा संग्रहात लोकांचे विनोदही असावेत, बोलणाऱ्याची परवानगी घेऊन, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. मनोरीत ईस्ट इंडियन समाजाने आपली भांडी, लुगडी, दागिने जपायला संग्रहालय उभं केलं आहे. त्याच्या शेजारी एक हेडफोन लावलेली खुर्ची ठेवायला फारसा खर्च येणार नाही.

तोवर घरच्या घरी करण्यासारखं बरंच आहे. फोनमधला जो आवाजी निरोप ऐकून घरातले सगळे हसतात तो बाहेर काढून संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. बोलणाऱ्याला विचारा. फाईलच्या नावात बोलणारा कोण, गाव कोणतं, बोली कोणती आणि तारीख काय एवढं घाला, कारण फोन आपणहून देतो ते आकड्यांचं नाव तीन वर्षांनी कुणालाच काही सांगत नाही. आणि जमलं तर त्या विनोदाआधीची दोन वाक्यंही कापू नका; कोण कुणाला काय विचारत होतं हे त्यांतूनच कळतं.